गाडीतला गिझर आणि बायचा बंब

परळच्या एका महापालिका शाळेत मी विज्ञान शिकवायचो. निवृत्तीनंतर लोक थांबतात, मी थांबलो नाही. करी रोडच्या आमच्या चाळीत कुणाचा मिक्सर बंद पडला तर मी आधी मुलं गोळा करतो आणि मग स्क्रू काढतो. मिक्सर दुरुस्त होतोच असं नाही, पण मोटर कशी फिरते हे मुलांना नक्की कळतं. मिक्सरच्या मालकिणीला त्यात काडीचा रस नसतो, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. हल्ली मिक्सर माझ्यापासून लपवून थेट दुकानात नेले जातात.

तरीही यंदा मे महिन्यात माझ्या हाती एक गिझर लागला. तोही साधासुधा नाही, चालत्या गाडीतला.

ही गाडी माझ्या भाच्याची, हितेंद्रची. माझगावला बंदरातल्या मालवाहतुकीचं काम बघता बघता त्याला घर चाकांवर घेऊन फिरण्याची हौस लागली. कुणीतरी हौसेने बनवून घेतलेली आणि हौस फिटल्यावर उभी करून ठेवलेली एक कॅरॅव्हॅन त्याने आणली. मिनीबसच्या पोटात दोन पलंग, शेगडी, मोरीएवढी बाथरूम आणि मागच्या बाकाखाली छोटा गिझर. छपराखालच्या टाकीतून पंपाने पाणी गिझरमध्ये जाणार, आणि गाडी जिथे उभी असेल तिथून वायर जोडली की ते तापणार. आमच्या चाळीला लागून जो टॉवर झाला आहे, त्यात हितेंद्र राहतो. तिथल्या आवारात गाडी उभी राहिली, तेव्हा चाळीतली सगळी पोरं बघायला गेली. मीही गेलो. वयाचा मान म्हणून मला आधी आत सोडलं.

गाडी आणण्याचं खरं कारण हौस नव्हती, बाय होती.

बाय म्हणजे माझी थोरली बहीण सुभद्रा, हितेंद्रची आई. तिचं सासर कणकवलीच्या पुढे, आडवाटेला. लग्न होऊन गेली तेव्हा नवरा मुंबईत गिरणीत आणि ती गावाला, अशी तिची वीस वर्षं गेली. गावच्या देवीवर तिची फार श्रद्धा. पण कंबर धरायला लागल्यापासून रात्रभर बसमध्ये बसणं तिला जमेना, आणि देवीची ओटी भरायची राहून गेली. एक वर्ष, दोन वर्षं करता करता बरीच राहिली. यंदा वैशाखात देवळाचा वर्धापनदिन होता. झोपून जाता येईल अशी गाडी दारात आहे म्हटल्यावर ती तयार झाली. मात्र एका अटीवर.

अट आंघोळीची होती. ओटी भरायची तर आंघोळ करून, आणि आंघोळ कडकडीत पाण्याने. थंड पाणी अंगावर घेतलं की तिची कंबर अशी धरते की दोन माणसांनी उठवावं लागतं. मे महिन्यात कोकणात गरम पाण्याची काय गरज, असं हितेंद्रने विचारून पाहिलं. बायने त्याच्याकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं.

"मास्तरा, माका आंघोळीक गरम पाणी होया. तुझ्या त्या डब्यात गावतला तर येतंय. नायतर मी आपली हयसरच बरी."

गावात घर नव्हतं असं नाही. चांगलं होतं, आणि आजही आहे. त्यात तिची धाकटी जाऊ चंपा राहते. पण त्या घरात पाऊल टाकणार नाही असं बायने फार पूर्वी जाहीर केलेलं होतं, आणि त्याचं कारण होतं तांब्याचा बंब. सासऱ्यांनी आणलेला तो उंच बंब बाय वीस वर्षं दर सणाला चिंचेने घासायची. त्यात स्वतःचं तोंड दिसलं की मग थांबायची. पुढे भावाभावांच्या चुली वेगळ्या झाल्या, बाय नवऱ्याकडे मुंबईला निघाली, आणि गॅलरीत बंब कुठे पेटवणार म्हणून तो चंपाकडे राहिला. ज्या घरात माझा बंब दुसरी पेटवते त्या घराचा उंबरा मी ओलांडणार नाही, असं म्हणून बाय निघून आली. जमीन, झाडं, भांडी यांवरून तिने कधी शब्द काढला नाही. बंबावरून मात्र अबोला धरला. माझ्या मावसभावाचं घर उघडं होतं तोवर ती गावी गेली की तिथे उतरायची. आता तेही बंद झालं.

तर असा तो गिझर. तो चालला तर बाय देवीपर्यंत जाणार होती, नाही चालला तर नाही. हितेंद्रने गाडीच्या इंजिनाकडे बघायचं ठरवलं आणि गिझर माझ्यावर सोपवला. त्याला गाडीच्या दुकानातला माणूस बोलवायचा होता. मी म्हटलं, घरात विज्ञानाचा शिक्षक असताना बाहेरचा माणूस कशाला. हे वाक्य मी आता परत घेऊ इच्छितो, पण उशीर झाला आहे.

माझ्या वर्गात दोन मुलं होती. एक हितेंद्रची मुलगी श्रेया, सहावीतून सातवीत गेलेली, प्रश्न विचारून दमत नाही अशी. दुसरा शेजारच्या खोलीतला मनू, तिसरीतला. मनूला गिझरपेक्षा गाडीच्या पलंगात जास्त रस होता, पण वर्गात संख्या लागते.

पहिल्या दिवशी आम्ही गिझरचं पाणी नुसतं सोडून पाहिलं. पिवळसर पाणी आलं आणि त्याच्याबरोबर उकडलेल्या अंड्यासारखा वास आला. मनू नाक धरून पलंगावर गेला. मला मात्र फार आनंद झाला, कारण दोष जितका मोठा तितका धडा मोठा. पाणी बरेच महिने आत कोंडून राहिलं की असं कुजकट होतं, हे मी त्यांना समजावलं. आत क्षारांचा थर बसलाय, चहाच्या किटलीच्या बुडाला पांढरी खपली धरते तसा, हेही सांगितलं. मग गिझरमधली कांडी काढून दाखवली. ही कांडी स्वतः गंजते, म्हणून टाकी गंजत नाही. ती पार झिजून तारेसारखी झाली होती. दुसऱ्यासाठी झिजणं म्हणजे काय, यावर मी थोडं बोललो. श्रेयाने विचारलं, मग कांडीला कोण वाचवतं? मी म्हटलं, नवी कांडी बसवायची. ती म्हणाली, म्हणजे जुनीला कुणीच नाही. त्या दिवशीचा वर्ग मी तिथेच संपवला.

दुसऱ्या दिवशी खरं काम. आधी बटण बंद, मग पाणी थंड होऊ द्यायचं, मग आतला दाब सोडायचा, मग खालचं बूच काढायचं. हा क्रम मी मुलांकडून पाढ्यासारखा म्हणून घेतला. हे मी चोख केलं, एवढं माझ्या बाजूने लिहून ठेवतो. क्षार काढायला आम्ल हवं म्हणून लालबागच्या बाजारातून व्हिनेगरच्या बाटल्या आणल्या. इतक्या बाटल्या बघून दुकानदाराने मास्तर चायनीजची गाडी टाकतायत का असं विचारलं. मी त्यालाही आम्ल आणि क्षार समजावून सांगितलं. त्याने गिऱ्हाईक आहे म्हणून ऐकून घेतलं.

गाडीत बसल्याबसल्या मी मुलांना खडूच्या तुकड्यावर व्हिनेगर टाकून दाखवलं. फसफस झाली, मनू पलंगावरून खाली आला. मग जास्वंदीचा प्रयोग केला. चाळीच्या मागच्या कुंडीतली लाल फुलं गरम पाण्यात चुरायची. त्या जांभळट पाण्यात आम्ल टाकलं तर ते लालभडक होतं, साबणाचं पाणी टाकलं तर हिरवट. नुसत्या डोळ्यांना दोन्ही पाणी सारखंच स्वच्छ दिसतं, पण जास्वंद फसत नाही. "विरघळलेलं डोळ्यांना दिसत नाही," हे वाक्य मी दोघांकडून तीनदा म्हणून घेतलं. हे वाक्य लक्षात असू द्या. मी ते संध्याकाळपर्यंत विसरलो.

व्हिनेगर आणि पाणी छपराखालच्या टाकीतून गिझरमध्ये भरलं, थोडं तापवलं आणि दुपारभर तसंच ठेवलं. चारच्या सुमाराला बूच काढलं तेव्हा आतून चहाच्या रंगाचं पाणी आणि पांढऱ्या खपल्यांचा ढीग आला. गिझर मोकळा झाल्यासारखा वाटला. आता एकच काम उरलं होतं, ते म्हणजे टाकी दोन-तीनदा चांगल्या पाण्याने विसळून नव्याने भरायची.

आणि इथे माझ्यातला चाळकरी जागा झाला.

टॉवरच्या आवारात नळीने गाड्या धुवायला बंदी होती, कारण शहरात पाणीकपात चालू होती. म्हणून आम्ही सगळं पाणी चाळीतल्या माझ्या नळावरून बादल्यांनी आणत होतो. आमच्याकडे पाणी सकाळी येतं आणि जातं. त्या वेळात पिंप, कळशा, पातेली, रिकामे डबे, जे मिळेल ते भरून ठेवायचं. त्या पाण्यावर दिवस काढायचा. भाजी धुतलेलं पाणी कुंडीला, कपड्यांचं शेवटचं पाणी लादीला, तांदळाचं पाणी कढीला. पाणी सांडणाऱ्या मुलाला आमच्याकडे अभ्यास न करणाऱ्या मुलापेक्षा जास्त ऐकावं लागतं. मी स्वतः चाळीतल्या तीन पिढ्यांना हे ऐकवलं आहे. त्यामुळे गिझरमधून निघालेलं पाणी गटारात सोडायला माझा हात धजावेना. मी ते बादल्यांत धरलं आणि निवळायला ठेवलं. निवळणं म्हणजे काय हेही मुलांना दाखवता येईल, असा दुहेरी फायदा.

संध्याकाळी बघतो तर गाळ तळाशी बसलेला आणि वरचं पाणी अगदी निर्मळ. मला भरून आलं. मी जुन्या धोतराची चौघडी करून, आम्ही नळाच्या तोंडाला बांधतो तशी, ते वरचं पाणी गाळून घेतलं. घरातल्या पिंपात फक्त रात्रीपुरतं पाणी होतं. मग टाकी विसळायला आणि भरायला हे होतंच की समोर. एवढं स्वच्छ पाणी टाकून कोण देणार?

श्रेया बादलीकडे वाकून म्हणाली, "नाना, पण ह्यात व्हिनेगर आहे ना?"

मी तिला शाबासकी दिली. मग सांगितलं की आम्लाने क्षार खाल्ले म्हणजे आम्ल संपलं, दोघं एकमेकांना संपवतात. तत्त्व खरं आहे. फक्त आम्ल क्षारांपेक्षा कितीतरी जास्त होतं, हे मी मोजलं नव्हतं. ती म्हणाली, वास येतोय. मी म्हटलं, तुझ्या हाताला येतोय, दिवसभर त्यातच आहेस. तिने हात हुंगले. हाताला येतच होता, त्यामुळे बिचारी गप्प बसली. माझ्या नाकाची गोष्ट वेगळी. सकाळपासून त्याच वासात राहून ते थकलं होतं आणि त्याला काहीच कळत नव्हतं. नाक असं थकतं हेसुद्धा मी पूर्वी शिकवलेलं आहे, आठवीच्या वर्गाला, चित्रासकट.

टाकी भरली. नवी कांडी बसवली. गरम पाण्याचा नळ उघडा ठेवून आतली हवा बाहेर काढली आणि मगच बटण लावलं, कारण रिकामा गिझर तापवला तर आतली कॉइल जळते. वेळ झाल्यावर मी नळाखाली थर्मामीटर धरला. पारा चढत गेला. मी हितेंद्रला वरून बोलावून आकडा दाखवला. तो म्हणाला, मामा, मानलं. त्याने पाण्यात हात घातला नाही आणि मी घालायला सांगितला नाही. तापमान समोर दिसत असताना पाणी हुंगायचं कोणाला सुचतं?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निघालो. हितेंद्र गाडी चालवत होता, बाय एका पलंगावर, दोन्ही मुलं दुसऱ्यावर आणि मी दोन पलंगांच्या मधे, गिझरच्या वर. मनूला त्याच्या आईने हौसेने पाठवलं होतं, अभ्यास होईल म्हणून. बाय झोपेत कंबर न धरता वळली तेव्हा हितेंद्रने आरशातून माझ्याकडे बघून हसल्यासारखं केलं. ओटीचं सामान तिने उशाशी ठेवलं होतं. खण, नारळ, तांदूळ आणि मुंबईहून नेलेल्या हिरव्या बांगड्या. मधूनच ती हात लावून ते आहे ना बघत होती.

सकाळी गावाच्या अलीकडे हितेंद्रच्या ओळखीच्या हॉटेलच्या आवारात थांबलो. वायर जोडली. पाणी तापलं. बाय लुगडं आणि पंचा घेऊन त्या मोरीएवढ्या बाथरूममध्ये गेली आणि दार लावून घेतलं. आम्ही बाहेर झाडाखाली चहा घेत होतो. मी मुलांना समजावून सांगत होतो की ह्या क्षणी आत उष्णता कशी वाहते आहे.

मग आतून पाण्याचा आवाज थांबला.

दार उघडलं आणि बाय पायरीवर आली. केस ओले, लुगडं नीट, चेहरा शांत. तिच्याबरोबर जो वास बाहेर आला तो हॉटेलच्या पोऱ्यालाही ओळखता आला असावा, कारण त्याने स्वयंपाकघराकडे वळून पाहिलं. दोन रात्रींत माझं नाक विश्रांती घेऊन ताजंतवानं झालं होतं. आता त्याला सगळं कळत होतं.

"मास्तरा," बाय म्हणाली, "तू माका लोणच्यात घातलंस."

उत्तर श्रेयाकडे होतं. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. माझ्या वर्गात मी मुलांकडे असं बघायचो. तुला येत होतं, मग का नाही लिहिलंस, असं.

मी सगळं सांगितलं. पाणी ओतून देववलं नाही, म्हणून तेच गाळून परत भरलं. हितेंद्रने चहाचा कप खाली ठेवला आणि गाडीला एक फेरी मारून आला. त्याला हसायचं होतं की ओरडायचं होतं ते फेरी संपली तरी ठरलेलं दिसलं नाही. बाय मात्र रागावली नाही, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. ती पायरीवर बसली. अशा आंबट अंगाने देवीसमोर उभी राहणार नाही, असं तिने सांगितलं. हॉटेलात फक्त थंड पाणी होतं. गिझरमध्ये उरलेलं पाणीही तसंच, आणि ते काढून दुसरं भरून तापवेपर्यंत देवळातली गर्दी वाढून ओटीची वेळ निघून जाणार होती. तिने ओटीची पिशवी मांडीवर घेतली आणि हितेंद्रला म्हणाली, गाडी वळव. देवीला माझा नमस्कार इथूनच.

हितेंद्र बसून राहिला. इतकं जवळ येऊन परत जायचं त्याच्या हातून होईना. मग त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, मामा, गावात सकाळी गरम पाणी कुणाकडे असेल? मला माहीत होतं. त्यालाही माहीत होतं. दोघांनाही ते मोठ्याने म्हणायचं नव्हतं.

शेवटी मनू म्हणाला. बायच्या तोंडून बंबाच्या गोष्टी त्याने प्रवासात ऐकल्या होत्या, घरातलं भांडण मात्र त्याला माहीत नव्हतं. तो म्हणाला, आजी, ज्यांच्याकडे तुमचा बंब आहे, त्यांच्याकडे असेल ना.

बाय गाडी वळव असं परत म्हणाली नाही. हितेंद्रने हे बरोबर ओळखलं आणि गाडी गावाच्या रस्त्याला लावली.

चंपा अंगणात तुळशीपाशी होती. एवढी मोठी गाडी दारात थांबलेली बघून ती पदर सावरत आली. खिडकी उघडी होती. तिने आधी बायकडे बघितलं, मग नाक वर केलं.

"वयनी, ह्यो वास कसलो?"

बायने माझ्याकडे बोट दाखवलं. मी परत सगळं सांगितलं. आता मला ते जरा नीट सांगता यायला लागलं होतं. चंपाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलत होते.

"न्हाणयेत बंब पेटलेलो असा," ती म्हणाली. "पाणी कडकडीत. येवा."

बाय जागची हलली नाही. तिने विचारलं, न्हाणी अजून मागेच आहे ना, मागच्या अंगणात. चंपा म्हणाली, तिथेच आहे, गुरांच्या वाड्याच्या बाजूने जाता येतं. "मगे बरा," बाय म्हणाली, "मी उंबरो ओलांडूचंय नाय." आणि ती गाडीतून उतरली, घराच्या दाराकडे न बघता बाजूच्या वाटेने, केळींच्या मधून, मागे गेली. चंपा तिच्या पुढे, पंचा घेऊन. शब्द पाळला गेला आणि पाणीही मिळालं. आयुष्यभर मी मुलांना नियमांचा अर्थ शिकवला, पण नियम आणि माणूस दोघांनाही असं सांभाळून नेणं मला कधी सुचलं नव्हतं.

आम्ही केळींच्या अलीकडे थांबलो. आत पाण्याचा आवाज येत होता, तांब्याने घेऊन अंगावर ओतल्याचा, संथ. मधेच बायचा आवाज आला. बंबाची तोटी अजून तशीच डावीकडे वळते का, असं काहीतरी. चंपाचं उत्तर ऐकू आलं नाही, पण दोघी हसल्याचं ऐकू आलं.

बाय बाहेर आली तेव्हा तिच्या अंगाला नुसता धुराचा वास होता, न्हाणीतल्या चुलीचा. ती देवळात गेली आणि वेळेत पोचली. तिने देवीसमोर खण ठेवला. कंबर सरळ होती. चंपा तिच्या शेजारी उभी राहिली. ओटीतले तांदूळ वाटेत सांडू नयेत म्हणून तिने खाली हात धरला होता. दोघी काय बोलल्या ते मला माहीत नाही, मी पुरुषांच्या रांगेत होतो.

परत आलो तर मागच्या पडवीवर चहा तयार होता. पडवीही उंबऱ्याच्या बाहेर, हे बायने आधीच पाहून घेतलं होतं. चहा पिता पिता तिने न्हाणीकडे नजर टाकली आणि तिला जे सांगायचं होतं ते सांगितलं.

"बंब चिंचेन घासतात. पावडरीन घासलंस, काळो पडलो."

चंपा म्हणाली, चिंचेने घासायला आता खाली हात कुठे पोचतात, गुडघे धरतात. आणि मग माझ्याकडे बघून म्हणाली, मास्तरांनी एवढं आंबट पाणी मुंबईहून आणलंय, त्यानेच घासून घ्या ना. नाहीतर मघाशी वयनीलाच बंबावर घासलं असतं तर बंब सोन्यासारखो दिसतलो होतो. बाय हसली. मी बऱ्याच वर्षांत तिला असं तोंड उघडून हसताना पाहिलं नव्हतं, आणि कारण मी होतो. वाईट नाही वाटलं.

तर मग कामाला लागलो. श्रेयाने माझ्याकडून पाढा म्हणून घेतला. बटण बंद, थंड होऊ द्यायचं, दाब सोडायचा, बूच काढायचं. गिझरमधलं आंबट पाणी बादलीत आलं. त्यात मूठभर मीठ टाकून मी बंबापाशी बसलो आणि नारळाच्या काथ्याने घासायला लागलो. दोघी जावा पडवीवर बसून मला बंब कुठे राहिलाय ते सांगत होत्या. गळ्यापाशी. तोटीच्या मागे. नाय नाय, खाली. मनू बाजूला बसून उगवणाऱ्या तांबूस रंगात स्वतःचं तोंड शोधत होता. पाणी वाया गेलं नाही, एवढं तरी माझ्या म्हणण्याला आधार मिळाला.

त्यानंतर टाकी विहिरीच्या पाण्याने विसळायची होती. रहाटाने काढलेल्या बादल्या मी वाहिल्या आणि हितेंद्रने आत ओतल्या. श्रेया अंगणातल्या जास्वंदीची फुलं चुरून वाटीत जांभळट पाणी घेऊन बसली होती. प्रत्येक वेळी बूच काढलं की ती निघालेलं पाणी थोडं वाटीत घालायची आणि बघायची. मी विचारलं, झालं का. मला पाणी काचेसारखं दिसत होतं.

ती म्हणाली, नाना, विरघळलेलं डोळ्यांना दिसत नाही.

वाटीतलं पाणी लाल झालं होतं, पहिल्यापेक्षा फिकं, पण लाल. तिने ते मला दाखवलं, मी तिला पूर्वी दाखवायचो तसंच, शांतपणे, सगळ्या बाजूंनी. मग विहिरीकडे बोट केलं. मी रिकाम्या बादल्या उचलल्या आणि निघालो.